पाचपर्यंतचे गुण

पुणे, ५ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि. तब्येत बरी, मेस वाईट.

सध्या काम म्हणजे पांढऱ्या उंदरांना सुई टोचून फीट आणायची आणि घड्याळ लावून गुण द्यायचे. नुसता दचकला तर एक, पुढचे पाय थरथरले तर तीन, आडवा पडून झटके आले तर पाच. मेला तर सहा. पाच लिहिताना दर वेळी तू आठवतोस, राग मानू नकोस.

नवीन औषध दिलेल्या आठांपैकी सात उंदीर एकच्या पुढे गेले नाहीत. कधी न हसणारे सर हसले. आईला सांग, पुढच्या वर्षी दादा पुण्यात नोकरीला.

तुझी कटकट,
दीक्षा

बार्शी, १४ ऑगस्ट

चि. दीक्षास अ. आ.

तुझ्या उंदरांनाही जयभीम, आमचे भाऊबंदच ते. आई आता कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत माझे गुण मांडते. मंगळवारी चार. शाळेत कधी इतके मिळाले नव्हते.

गोळीने कॉम्प्युटरच्या क्लासात झोप लागते, पोरं हसतात. तुझं औषध येणारच आहे, म्हणून ही गोळी सोमवारपासून बंद केली. बाबांना कळवू नकोस. लोभ आहेच, औषधासोबत वाढवून पाठव.

संजय

पुणे, १८ ऑगस्ट

दादा,
हे वाचता वाचता गोळी घे. ती एकदम सोडली की फीट उसळून येते, जिवावर बेतते. शेजाऱ्यांचा फोन सकाळपासून लागत नाहीये.

ते औषध माणसांसाठी नाही रे अजून. काल तेच औषध दिलेले दुसऱ्या पिंजऱ्यातले आठही पाचावर गेले. सर हसले म्हणून मी उगाच लिहिलं. चुकले मी.

दीक्षा

बार्शी, ६ सप्टेंबर

चि. दीक्षास आशीर्वाद.

संजय गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी पोस्टमनने तुझं अठरा तारखेचं पत्र दिलं. तू समोरच बसली होतीस, म्हणून खिशात ठेवलं. काल उघडलं. तुला दोष देत नाही. पण काही दिवस पत्र पाठवू नकोस, पोस्टमन दिसला की तुझी आई दार लावून घेते.

सप्टेंबर लागला तरी ती कॅलेंडरचं पान उलटू देत नाही. तू पुण्याला परतल्यावर तिने एकोणीस तारखेच्या चौकटीत सहा लिहिलं. मी अर्थ विचारला, तर म्हणाली, दीक्षाला कळेल.

लोभ आहे, पोरी. सध्या सापडत नाही एवढंच.

तुझा बाप,
पोपट