निळ्या टोकाची वायर

प्रिय भिंगरी,

सोमवारी तुझा फोन ठेवला आणि तुझी आई शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, अहो, त्या पूल तपासणाऱ्या संस्थेनं पोरीला पुन्हा मुलाखतीला बोलावलंय, आणि बाईसाहेब नको म्हणतायत. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. का नको, तर म्हणे मी धांदरट आहे, त्यांच्यापुढे जाऊन परत फजिती करून घ्यायची हौस नाही. मी म्हणालो, बघू. आपल्या घरात मी 'बघू' म्हणालो की विषय मिटतो, हे तुला माहीत आहे. या वेळी मिटला नाही. रोज चहाच्या कपाबरोबर ती तो विषय माझ्यापुढे आणून ठेवतेय, आणि मी चहा पिऊन विषय तसाच सोडून उठतोय. आज शुक्रवार. आज लिहायला बसलोच.

आधी इकडचं सांगतो. हॉलच्या मालकांनी एकदाचा नवा प्रोजेक्टर घेतला. आता त्याला नवी वायरही चालते आणि जुनी निळ्या टोकाची, पंधरा पिनांचीही चालते, त्यामुळे माझा रुबाब थोडा कमी झालाय. पण अगदीच संपलेला नाही. गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची सभा होती. पहिल्या वक्त्याच्या लॅपटॉपला वायर लागत होती उजवीकडे, दुसऱ्याच्या डावीकडे. तिसरे गृहस्थ तर लॅपटॉपच्या कडेवरून असं बोट फिरवत होते, जसं काही त्याच्या हिरड्या तपासतायत. शेवटी पोर्ट सापडलं पाठीमागे, बिजागरीखाली. तिथे वायर लावली की पडदा पुरता उघडेना. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, याला जरा मोठा 'आ' करायला सांगा. सगळा हॉल हसला, डॉक्टर सोडून.

खरं सांगतो, लॅपटॉप घेताना लोक पडदा बघतात, वजन बघतात, रंगसुद्धा बघतात. वायर कुठल्या बाजूला लागणार, घरात आधीपासून आहे त्यातलं काय काय त्याला चालणार, हे कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. मग भर सभेत वायर पुढून वळसा घालून आणायची, पाण्याचा ग्लास लवंडायचा, आणि माईकवाल्याकडे केविलवाणं बघायचं. या बघण्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. मी खुर्च्या मांडायला लागलो तेव्हा मला माईकचं बटणही ठाऊक नव्हतं. जे आलं ते कानानं आलं. कुठला माईक शिट्टी मारणार हे मी त्याच्या श्वासावरून ओळखायला लागलो, आणि माणसं माईकपासून तोंड वळवून काय बोलतात तेही ऐकायला लागलो. शाळेनं मला नववीत सोडलं, पण या हॉलमध्ये मी इतकी भाषणं ऐकली आहेत की कुठल्याही विषयावर दहा मिनिटं मान डोलावू शकतो. तुझ्या पुलांवर तर अर्धा तास.

तू तो लॅपटॉप आणलास त्या दिवशी मी फार कमी बोललो, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. स्वतःच्या कमाईतून आणलास, छान पातळ, वहीएवढा. आई त्याच्यावरून हात फिरवत होती. मी फक्त कडा बघितल्या. डावीकडे दोन बारकी लांबट पोर्टं, तीही एकमेकांना इतकी चिकटून की एकात जरा जाड काही घातलं तर दुसऱ्यात चार्जर जाईना. उजवीकडे कानात घालायच्या वायरीपुरतं एक. बस. तुझा जुना माऊस, तुझे पेन ड्राइव्ह, माझी वायरी आणि जोडांची अख्खी पेटी, सगळं एका दिवसात परकं झालं. मी म्हणालो, एका शब्दानं विचारलं असतंस तर. तू हसून म्हणालीस, बाबा, आता सगळं हवेतून जातं. मीही हसलो. पण लागलं. सगळं गाव मला विचारतं आणि माझीच मुलगी विचारत नाही, हे मनात कुठेतरी अडकून राहिलं.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो मुलाखतीचा दिवस. तुला त्याची उजळणी नको असेल, पण माझ्यासाठी वाच. संस्थेचे तिघे जण आपल्या हॉलमध्ये आले होते, पाच उमेदवार, प्रत्येकाला वीस मिनिटं. तुझा नंबर चौथा. आधीच्या तिघांचे लॅपटॉप जुने आणि जाडजूड, निळी वायर पटकन बसली. तू आलीस, लॅपटॉप उघडलास, पिशवीतून लॅपटॉपला वायर लावायचा नवा छोटा जोड काढलास, आणि टेबलावरची वायर हातात घेऊन थांबलीस. तुझा जोड नव्या वायरीचा होता, हॉलमध्ये होती जुनी. मधले परीक्षक भले होते, त्यांनी स्वतःचा लॅपटॉप पुढे केला, पेन ड्राइव्हवर द्या म्हणाले. पण तुझ्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लागत नव्हता. हॉल तळघरात, मोबाईलला नेटवर्कची एक काडी नाही, त्यामुळे हवेतूनही काही जाईना. पुलांच्या पोटाखाली, गुडघाभर पाण्यात उभं राहून काढलेले तुझे ते सगळे भेगांचे फोटो त्या वहीएवढ्या डब्यात बंद पडले. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी पेटी उघडली, वरखाली केली, आणि मान हलवली. तू फळ्याकडे वळलीस आणि खडूनं भेगा काढायला लागलीस.

मी कानाला हेडफोन लावून सगळं ऐकत होतो. चौथ्या मिनिटापर्यंत तुझा आवाज कापत होता, नंतर स्थिरावला. आडवी भेग घाबरवते पण उभी भेग पूल पाडते, हे तू असं सांगितलंस की मला त्या संध्याकाळी नदीवरून घरी यायची भीती वाटली. उत्तम बोललीस. पण फोटोंशिवाय ते पुरेसं नव्हतं. पाचव्या उमेदवाराला नोकरीचं बोलावणं गेलं आणि तुला दोन ओळींचा नकार आला. तू रडली नाहीस. फक्त म्हणालीस, साधी वायर बघता आली नाही मला, भेगा काय बघणार. नंतर शिकवायची नोकरी धरलीस आणि दुसऱ्या गावाला गेलीस. आई सांगते, तुझ्या पर्समध्ये आता नऊ जोड असतात. घरातून निघताना बूट घालून झाल्यावरही तू दारात उभी राहून ते एकेक मोजतेस, आणि खाली उतरल्यावर परत वर येऊन बघतेस. आईला वाटतं तुला शिस्त लागली. मला तसं कधीच वाटलं नाही.

भिंगरी, तुला लागणारा जोड माझ्याकडे होता. पेटीत नव्हता, माझ्या शर्टाच्या खिशात होता. आदल्या दिवशी तुझ्या टेबलावर तुझा जोड बघितला तेव्हाच मला कळलं होतं की तो आपल्या हॉलला चालणार नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, ऐन वेळी अडेल, माझ्याकडे बघेल, आणि मी तिघांसमोर खिशातून काढून देईन. तुला कळावं की बापाला विचारावं लागतं. एवढाच क्षुद्र बेत होता. तू बघितलंस तेव्हा माझा हात खिशात गेलाही होता. तेवढ्यात हेडफोनमध्ये एक परीक्षक, समोरचा माईक चालू आहे हे विसरून, शेजारच्याला म्हणाले, अर्ज बघता ही नक्की निवडली जाणार, पण तिला आधीच सांगा, पाच वर्षं तिकडे लांबच राहावं लागेल, घरी फिरकता यायचं नाही. आणि माझा हात खिशातच राहिला. पेटी मी उगाच उचकली. तू धांदरट नव्हतीस. तुला जायला निघालेली बघून मी तुझी वाट अडवली, आणि तीन वर्षं तू स्वतःला दोष देत असताना ऐकत राहिलो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. पत्र टाकून आलो की तिला सांगणार आहे, पुढचं माझं मी बघून घेईन. माफी आज मागत नाही, कारण ती मागितली की तू माझा विचार करत बसशील आणि तारीख उलटून जाईल. त्यांना आधी 'येते' म्हणून कळव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तिकडे गेल्यावर निवांत ठरव.

तुझाच,
बाबा