कवळीवाल्याने उघडलेलं इंजिन

मंगळवार, १० जून

झालं! इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग मी स्वतः बदललं. तेल गळायचं थांबलं. सकाळपासून व्हॅनखाली पुठ्ठा टाकून ठेवलाय – एक थेंब नाही.

बायकोचा आपला एकच धोशा होता, भावजींना बोलवा. भावजी म्हणजे माझे साडू, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गॅरेज आहे. म्हटलं, मी जन्मभर कवळ्या घडवतोय. केसाएवढी फट राहिली तरी गिऱ्हाईक गाल धरून परत येतं. मला एक झाकण बसवता येऊ नये?

फक्त गाडी जरा लटपटते. बसेल हळूहळू.

बुधवार, ११ जून

बसली नाही. उभ्या गाडीत इंजिन असं थडथडतं की आरशात मागची गल्ली नाचताना दिसते. चढाला दम खाते. शिवाय कुठूनतरी बारीक ‘सूं’ असा आवाज येतो. बायको म्हणते तिला नाही ऐकू येत. मलाही दर वेळी येत नाही.

रविवारी बबडीला होस्टेलवर सोडायचंय. शिकायला दुसऱ्या गावी चालली पोरगी. अर्ध्या दिवसाचा रस्ता, मध्ये घाट. जन्मली तेव्हा इस्पितळातून तिला घरी आणली ती याच व्हॅनमधून. तेव्हाही गाडी जुनीच होती, बाप तेवढा नवा होता. सोडायला मीच जाणार आणि याच गाडीने. ठरलंय!

गुरुवार, १२ जून

प्लग काढले, पुसले, लावले. तारा तपासल्या, ठीक आहेत. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे सीट उचलायची आणि दारातून वाकून आत डोकं घालायचं. दात बघायचा छोटा आरसा नेला होता. बबडी शेजारी उभी. म्हणाली, “बाबा, तिला आधी चूळ भरायला सांग.”

संध्याकाळी साडू टपकले. सहज म्हणे! बायकोने कळवलं असणार. त्यांना सीट उचलून बघायचं होतं. मी म्हटलं, आधी चहा घ्या. चहाबरोबर त्यांनी कुणाच्या तरी ट्रकचा गिअरबॉक्स कसा वाचवला ते सांगितलं. मी निदान पाचव्यांदा ऐकलं. हा माणूस घरातला बल्ब बदलला तरी चार घरांत सांगतो. आणि स्वतः आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका देतो – आपला हात लागलाय हे लोकांना कळलं पाहिजे म्हणून! गावातल्या निम्म्या गाड्यांना कांजिण्या आल्यात. माझ्या गाडीला नाहीत, आणि येऊ देणार नाही.

जाता जाता म्हणाले, “नाहीच जमलं तर रविवारी माझी नवी गाडी आहे की. पोरीला मी सोडतो.” त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १३ जून

कार्ब्युरेटर उघडला. फवाऱ्याचं औषध मारून धुतला. परत बसवला. एक स्क्रू उरला! घाम फुटला. पुन्हा सगळं उघडलं.

स्क्रू माझ्या चष्म्याचा निघाला.

गाडी जैसे थे.

शनिवार, १४ जून

सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिथे बंद पडली. शेजाऱ्यांनी ढकलत घरी आणली. बायकोला म्हटलं, हरलो. कर भावजींना फोन, सोडू दे त्यांना. बबडी दारात उभी होती. वळून आत गेली. मला फार वाईट वाटलं. उगाच कितीतरी वेळ हात धूत राहिलो.

दुपारी पोरीने बाजारात नेलं. एक चादर घ्यायची होती. पुढे काय शिकायचं हे जिने जेवता जेवता ठरवून टाकलं, तिने एका चादरीसाठी सगळा बाजार पालथा घातला. निळी, मग फुलांची, मग पुन्हा निळी. मी निघूया म्हटलं की हिला आणखी एक दुकान आठवायचं.

परत आलो. शेवटचं एकदा बघू म्हणून किल्ली फिरवली – आणि काय सांगू! मांजर घुरघुरावं तसं इंजिन. थडथड नाही, सूं नाही. देवळाचा चढ दोनदा चढवून आणली. आत्ता लक्षात आलं, कालचं औषध भिनायला एक दिवस लागला. माणसाचं तेच, इंजिनाचं तेच!

बायको म्हणाली, “बघा, जमलं की तुम्हाला.”

साडूंना मीच फोन केला, आता तसदी नको म्हणून. काय केलंत, असं त्यांनी विचारलं. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चष्म्याचा स्क्रू सोडून. मधे एकदाही तोंड घातलं नाही त्यांनी! फक्त म्हणाले, “वा, साडूबुवा.”

रविवार, १५ जून

सोडून आलो. घाट एका दमात चढली. इंजिनाचं दुखणं कसं शोधायचं ते रस्ताभर बबडीला समजावलं – घाई करायची नाही, एकेक शक्यता वगळत जायचं. ती खिडकीबाहेर बघून हसत होती. होस्टेलच्या फाटकाशी मला घट्ट धरलं. म्हणाली, “तूच सोडलंस ना, बाबा.” मग रडलो दोघंही.

येताना शेजारची सीट रिकामी होती. तिच्याखाली इंजिन मात्र छान चाललं होतं.

सोमवार, १६ जून

माझी कामगिरी बायकोला दाखवायला सीट उचलली. कार्ब्युरेटरच्या मागे बोटभर रबरी नळी असते. पॅकिंग बदलताना मी ती ओढून काढली होती आणि तीच परत खुपसली होती; ‘सूं’ तिच्याच चिरेतून येत असणार. आता तिथे कोरी नळी आहे. कोरी क्लिप आहे. क्लिपवर पिवळा ठिपका.

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “सवयीने दिला असेल हो त्यांनी.”

सीट खाली ठेवली. साडूंना फोन करून जेवायला बोलावलं. म्हटलं, त्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं पुन्हा एकदा नीट सांगा.