किसनरावांचा खुबा आणि माझी एक खिडकी

६ जानेवारी
यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलायचा ठरला. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. मात्र घरी उंच पलंग, कमोड, ड्रेसिंगला सिस्टर, चालवायला फिजिओ, सगळं पक्कं हवं. म्हटलं, देऊळगाव राजाचं पोस्ट मी चालवलं आहे, एक पेशंट काय!
पद्धत ठरली. एक खिडकी. सगळ्यांनी माझ्याशीच बोलायचं, आपसात नाही. गोंधळ आपसात बोलण्यानेच होतो.
हॉस्पिटलने दुसरा फोन नंबर मागितला. गरज नाही म्हटलं. यांनी हळूच जानेफळच्या बहिणीचा, कोकिळाचा दिला. नोंद घेतली आहे.

९ जानेवारी
पलंगाखाली विटा लावून घेतल्या. भक्कम. सिस्टर वंदना विचारत होती, मावशी, ड्रेसिंगचे दिवस फिजिओला विचारून ठरवू का? नाही. मी कळवीन.
दुपारी दोन ते चार फोन कपाटात. त्या वेळी मी डोळे मिटून विचार करते. पोस्टाची खिडकीही जेवणाला बंद व्हायची, कोणी मेलं नाही.

१२ जानेवारी, सायं.
हॉस्पिटलने दुपारीच फोन केला, हा त्यांचा दोष. मी उलट लावला तर तासभर गाणं ऐकवलं.
तुळशीच्या कुंडीत यांची रक्त पातळ करायची गोळी सापडली. मी स्वतः सकाळी हातावर ठेवलेली! जाब विचारला. म्हणाले, ऑपरेशनपर्यंत बंद करायले सांगितली, हॉस्पिटलचा कोकिळाले फोन आलता. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तुझी खिडकी बंद होती.
चाळीस वर्षांचा संसार आणि गोळी कुंडीत.

१५ जानेवारी
फिजिओ आसिम येऊन गेला. काका, कधीपासून येऊ? हे म्हणाले, तिलेच विचार बाबा, मले बोलायची परमिशन नाही. दोघं हसले. मी नाही.
आसिमला, वंदनाला तारखा कळवायच्या आहेत. उद्या.

१९ जानेवारी, रात्री
ऑपरेशन उत्तम. हे वॉकर धरून चाललेसुद्धा. मी बाकावर बसून पुढचा विचार करत होते. डोळे उघडले तर खाट रिकामी.
नर्स म्हणाली, ते तर गेले. कुठे? जानेफळला! वंदना आणि आसिम दोघांनीही हॉस्पिटलला सांगितलं, आम्हाला तारीखच नाही. म्हणून घरी सोडेनात. कोकिळाने तिकडे पलंग, सिस्टर, फिजिओ सगळं आधीच लावून ठेवलेलं. या सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. हेसुद्धा त्यात. मी नाही.
मला उठवलं का नाही? नर्स म्हणाली, काकाच नको म्हणाले. तिले उठवू नका, ती विचार करून राह्यली.
एस.टी.ने एकटी परत आले.

२३ जानेवारी, सकाळ
यांचा फोन. करमत नाही म्हणाले. मला वाटलंच होतं. दुपारी अ‍ॅम्ब्युलन्सवाला तुला फोन करून विचारील, तेवढं हो म्हण, संध्याकाळी घरी येतो. वंदना, आसिम दोघांना लगेच तारखा दिल्या. गादी झटकली. आज फोन कपाटात नाही, उशाशी. विटांवरच्या पलंगावर स्टूल लावून चढले आहे. उंची अगदी योग्य.

सायं. साडेचार
अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याचे मिस्ड कॉल. गाडी दुसरं पेशंट घेऊन अकोल्याला गेली. कोकिळाचा मेसेज: वहिनी, दादा आता महिनाभर इथंच राह्यतो म्हणते. तुमी आराम करा.
आराम! मी फक्त डोळे मिटले होते.
स्टूल सरकलं आहे. खाली उतरता येत नाही.