वाकडी कड

चिमणे,

दूध तापवून ठेवलंय. मशीनचा पट्टा सैल झालाय, तो ओढून घे. मोठी कात्री आजपासून तुझी.

वेदीवरचं कापड तू शिवलंस तसंच घेऊन चर्चला निघाले आहे. कड वाकडी आहे, माझ्यासारख्या शिंपिणीला ती दिसणारच. उसवायला बसलेही होते, पण तुझं बोलणं आठवलं, "आई, उसवायचंच असतं तर मला शिवायला लावतेस कशाला?" प्रभूने मला पदरात घेतलं तेव्हा आधी नीट हो, मग ये, असं म्हटलं नव्हतं. मग मी कोण टिकोजीराव लागून गेले? कोणी विचारलं तर ताठ मानेने सांगेन, लेकीने शिवलंय.

रुसवा सोड आणि ये. शेजारी जागा धरते.

आई

तू सात वर्षांची असताना शिवलेला रुमाल, तू शाळेत गेल्यावर मीच उसवून पुन्हा शिवला होता.