धुपाटण्यातली सिगार

५ मार्च, जळगाव
रिपोर्ट आला. ह्यांच्या गालातला पांढरा डाग साधाच निघाला. डॉ. म्हणाले, "या वेळी सुटलात. पण तंबाखू बंद म्हणजे बंद." पायऱ्या उतरताना हात धरला, तर ह्यांचा माझ्याहून गार. घरी येऊन शेवभाजी केली, तिखट कमी. सुटलो बाई एकदाचे.
कोणाला सांगायचं नाही म्हणे. मुलाला-सुनेला सांगितलंय, दाढ दुखत होती.

१२ मार्च
धुळ्याहून नाना आले, सुनेचे वडील. काचेच्या नळीत अंगठ्याएवढी जाड सिगार. "मन्हा पोऱ्यानी दुबईथीन धाडी शे. भाऊ, तुम्ही जुना शौकीन. ओढीसन सांगा, असली शे का नकली." आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीला माहेरी न्यायला येतील, तेव्हा निकाल हवाय.
व्याह्यांनी हातात दिलेली वस्तू, परत कशी करायची? हे म्हणाले, "सांगतो की." मी चहात साखर घालायची विसरले.

१३ मार्च
भांडण. मी म्हटलं, खरं सांगा त्यांना. "काय सांगू? तोंड उघडून दाखवू?" मग म्हणे, फक्त वास घेईन. या 'फक्त' पायीच तर डॉ.कडे जावं लागलं.

२८ मार्च
ऊन मी म्हणतंय. सिगार तडकेल म्हणून केळीच्या पानात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवलीय. पान सुकलं की नवीन. माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नव्हती. रोज माठ भरताना मी पान उघडून बघते. अजून अख्खी आहे.

९ एप्रिल
पान रिकामं. तशीच गच्चीवर गेले. हे टाकीच्या सावलीत, सिगार नाकाशी, काडेपेटी मांडीवर.
"पेटवली नाही गं."
विश्वास कसा ठेवू? तोंडाचा वास घेतला, भर दुपारी. शेजारीण बघत असेल तर बघो. नुसती बडीशेप, हल्ली तंबाखूऐवजी चघळतात ती. तिथंच बसून रडले.
थोड्या वेळानं हे म्हणतात, "वासाला तर छान आहे. पण राख बघितल्याशिवाय कसं सांगू?"

१० एप्रिल
राखच बघायची ना. माझे बाबा तंबाखूचे व्यापारी. माल घेताना ओढायचे नाहीत कधी, चिमूट निखाऱ्यावर टाकायचे. मी धुपाटणं काढलं.
आधी ह्यांनी बोटांनी दाबून पाहिली. कुठं पोकळ नाही, गाठ नाही. वरचं पान तेलकट, शिरा बारीक. पेराएवढा तुकडा कापला, ह्यांना लांब खिडकीपाशी बसवलं आणि ठेवला निखाऱ्यावर. आधी लाकडाचा वास, मग भाजलेल्या खोबऱ्याचा, शेवटी जरासा गूळ. डोळ्यांना चरचर नाही. राख पांढरी, न विस्कटता राहिली.
"असली," दोघंही एकदमच म्हणालो.
सून वर आली. "आई, आज कसली पूजा?" हसू आवरेना. किती दिवसांनी हसलो असू.

१७ एप्रिल
नाना आले. बसल्या बसल्या विचारलंच. मला वाटलं, हे 'ओढली, छान होती' म्हणणार.
"माल असली आहे नाना. पण मी ओढली नाही." आणि डाग, रिपोर्ट, सगळं सांगून टाकलं, सुनेसमोर. सून चिडली, "दाढ म्हणे." मग तीच पाणी घेऊन आली. ह्यांचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. मलाही हलकं वाटलं.
जेवताना नानांनी ठेच्याला हात लावला नाही, नुसता वरणभात. एरवी मिरच्या मागून घेणारा माणूस. तंबाखू त्यांचीही चालूच असते.
लेक गाडीत बसल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. "विहीणबाई, त्या डाक्टरनं नाव काय शे?" सांगितलं. "पोरले सांगू नका."
मी आत येऊन आधी ह्यांना सांगितलं.

२१ एप्रिल
आखाजी झाली. पुरण छान जमलं होतं.
सकाळी सुनेचा फोन. झोक्याचं, गाण्यांचं सांगत होती. म्हटलं, नाना कुठे? "ते तर पहिल्याच गाडीनं तुमच्याकडे निघालेत. सिगारचं बोलायचंय म्हणाले भाऊंशी."
आमच्याकडे आलेले नाहीत. मी म्हटलं, "हो, येतील."
ह्यांनी चप्पल घातली. "दवाखान्यात एकटेच बसले असतील."
बडीशेपेची डबीच दिली खिशात. दोघांना लागेल.