बिनसाखरेच्या गोळ्या

४ जून

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

परवा बिनसाखरेचा चहा उगाच ढवळत बसले आणि आपला शाळेतला बाक आठवला. रविवारी प्रार्थनेनंतर सिस्टर एकेक साखरेचा चौकोनी खडा द्यायच्या. मी माझा कडकडा चावून मोकळी. तू मात्र जेवणाच्या घंटेपर्यंत गालात ठेवून मला जळवायचीस. तीच तू दादाशी लग्न करून माझी वहिनी होशील आणि मधुमेह मात्र मला होईल, कोणाला ठाऊक होतं!

अंधांच्या ग्रंथालयासाठी वाचतेय ती कादंबरी अर्धी झाली. पण पोटानं पिच्छा पुरवलाय. दोन पानं झाली की माझी धाव. ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ भले, नुसते यंत्र थांबवून खिडकीबाहेर बघतात. डॉक्टरीणबाईंनी दूध थांबवलं, मधुमेहाचं औषध बदललं, फरक शून्य. आतड्याचं अस्तरच बिघडलं की काय, ही धास्ती आहे. महिनाअखेर काम सोडायचं ठरवलंय. या कामावर किती जीव आहे, ते तुला सांगायला नको. तू पाठवतेस त्या बिनसाखरेच्या गोळ्यांचाच आधार. पान संपलं की एक गालात, म्हणून घसा तरी शाबूत आहे.

दादाला बोलू नकोस.

तुझी,
चिमणी

१३ जून

प्रिय वन्संबाई,
स. न. वि. वि.

तुझ्या दादाला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. रागव खुशाल. त्यांनी लगेच बॅग काढली. मोजे भरत होते, तिथंच मी अडवलं.

पान संपलं की एक, म्हणजे दिवसाकाठी किती गं? डॉक्टरीणबाईंना खाण्याचं सगळं सांगितलंस, त्यात या गोळ्या होत्या? नसणारच. घशासाठी घेतलं ते तुझ्या लेखी खाणंच नाही! मी डब्यामागची बारीक अक्षरं भिंगानं वाचली. साखरेऐवजी सॉर्बिटॉल, आणि खाली 'जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात'. जन्मभर लोकांना वाचून दाखवतेस, डबा कोणी वाचायचा? अर्थात पाठवणारी मीच, म्हणून घास उतरत नाही. डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा. तोवर काम सोडलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

जीव लावणारी,
वहिनी

९ जुलै

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

डबा पाहून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, एखाददुसरी सोसते. दिवसभर चघळल्या तर त्यातलं सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढून घेतं. अस्तराचं विचारलं, तर मधुमेहात ते नाजूक होऊ शकतं, पण साखरेच्या कुठल्या पर्यायानं त्याचं काय होतं, हे अजून ठाम कळलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आता घशाला कोमट पाणी. गोळ्या सुटल्या आणि आठवड्यात पोट निवलं.

घास उतरत नाही काय, वेडे! तू मायेनं पाठवल्यास, मी बकाबका खाल्ल्या. काल कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून संपवलं, एकदाही न उठता. घरी येताना जिन्यातच थांबून देवाचे आभार मानले, आणि लगेच तुझे.

असाच जीव लावत राहा.

तुझीच,
चिमणी

ता. क. सोबतच्या पार्सलातला निळा स्वेटर दादाला. बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाल म्हणावं. ध्वनिमुद्रणाची एक प्रत तुझ्या आईंना, त्यांना आता अक्षर दिसत नाही. दुसरी तुला. दादाला आधी देऊ नकोस. पहिल्याच प्रकरणात घोरेल आणि दोष लेखकाला देईल. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी वाचणारीला स्वतःचं एक वाक्य बोलू देतात. ते तुझ्यासाठी आहे. तेवढ्यापुरता स्वयंपाकघरातला नळ बंद कर.