शिक्षणाचा रकाना

कात्रज, पुणे
१२ जून २००३

प्रिय पूर्वा,

तुझं पाकीट मिळालं. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या पोरीने कारखान्याच्या फॉर्मवर पेन्सिलीने ‘दहावी पास’ लिहून पाठवावं, आणि दादाने त्यावर पेन फिरवून तो सोमवारी भोसरीच्या गेटवर द्यावा! ही अक्कल मीच तुला शिकवली, त्यामुळे रागावायचीही सोय नाही.

इथे टेम्पररी माणसाला सात महिने ठेवतात. जास्त दिवस भरले तर तो कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून ‘ब्रेक’. दोन महिने घरी, मग नवा फॉर्म, आणि आपण पुन्हा नवखे. पदवीवाले टिकत नाहीत, वर प्रश्न विचारतात, म्हणून त्यांना गेटवरूनच वाटेला लावतात. चार वर्षं मी दहावी पास आहे. आईला वाटतं, मी लॅबमध्ये आहे.

मार्चमध्ये आमच्या मशीनवरचं कूलंट, म्हणजे धातू कापताना सोडतात ते तेलपाणी, नासलं. पोरांच्या हातांना खाज सुटली. काय बिघडलंय ते मला वासावरूनच कळलं होतं, पण दहावी पास माणसाला एवढं रसायनशास्त्र कळणं बरं दिसत नाही. तीन दिवस गप्प बसलो. चौथ्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या माधवच्या हातांची सालं निघाली, तेव्हा साहेबांसमोर बोलून गेलो. तपासलं, तर तसंच निघालं.

आमचे साहेब भला माणूस. म्हणाले, लॅबमध्ये कायमची जागा आहे, केमिस्ट्रीची पदवी हवी. तुझं शिक्षण किती रे? पूर्वा, माझी पदवी खोलीवरच्या ट्रंकेत होती आणि माझ्याच अक्षरातलं खोटं त्यांच्या फाइलमध्ये. खरं सांगितलं तर त्याच दिवशी बाहेर, ही भीती. मी म्हणालो, नाही साहेब, ऐकून माहीत. एवढं डोकं असून शिकला का नाहीस, म्हणून ते हळहळले. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

परवा पुन्हा ब्रेक लागला. काल दुसऱ्या कारखान्याचा फॉर्म भरला आणि पहिल्यांदाच बी.एस्सी. लिहिलं. घेतील का, माहीत नाही. तुझा फॉर्म सोबत परत पाठवतोय. शिक्षणाच्या रकान्यातलं तुझं अक्षर मी खोडरबराने पुसलंय. तिथे काय लिहायचं ते तू ठरव, पण जे लिहिशील ते शाईने लिही. आणि हे पत्र आईला वाचून दाखव. तिच्यासमोर बसून मला हे सांगवणार नाही, खरं तर त्यासाठीच लिहिलंय.

तुझाच,
प्रज्ञेशदादा